झिंगा तळावाचं पाणी जातं कुठं

आमच्याकडे खान्देशात तापी म्हटलं की लोकांना प्रकाशा आठवतं, मुडावद आठवतं, चांगदेव आठवतं, फार तर पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की व्हॉट्सॲपवर फिरणारा व्हिडिओ, आणि मग नदी गुजरातेत उकाई धरणात जाऊन जमा होते, तिथं आपला भूगोल संपला. मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटरची नदी आहे ही. तिचा शेवटचा तुकडा सुरतेच्या खाली, डुमस-हजिऱ्याकडे, आणि तिथं काय चाललंय त्याच्याशी खान्देशातल्या माणसाला काही घेणंदेणं नाही असं आपण धरूनच चालतो. आणि गंमत बघा, आपली निम्मी माणसं तर तिथंच राहतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, कुठंही उतरा, चहाच्या टपरीवर अहिराणी ऐकू येतेच.

माझा मामेभाऊ त्यातलाच. आधी उधन्याला कापडाच्या लूमवर होता, तो कारखाना बंद पडला, मग कोणाच्या तरी ओळखीनं सुरतेजवळ ओलपाडकडच्या एका झिंगा तळावावर, म्हणजे कोळंबीच्या तळ्यावर, लागला. आता सुपरवायझर आहे, म्हणजे काय तर रात्रभर जागायचं, लाईट गेली की जनरेटर चालू करायचा, फीड टाकणाऱ्या पोरांवर नजर ठेवायची आणि शेठचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा. माझं शहाद्याला कृषी केंद्र आहे, खतं-औषधं विकतो, म्हणून त्याचे फोन येत राहतात की दादा पीएच वाढला काय करू, चुना किती टाकू, हे प्रोबायोटिक खरं का नुस्ता रंगीत पावडर. मला कोळंबीतलं काय कळतंय, पण नायट्रोजन कळतो, म्हणून एकदा म्हटलं जाऊनच बघू. नंदुरबारहून गाडी पकडली (नवापूरला स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, तिथं फोटो काढणारी पोरं अजून असतातच) आणि उधन्याला उतरून त्याच्या मागं बाईकवर बसून तळावावर.

सपाट, खारट, पांढरट जमीन, झाड नावाला नाही आणि नजर जाईल तिथपर्यंत तळीच तळी, एकाला एक चिकटून, मधे बांध, बांधावरून एक बाईक जेमतेम जाईल. प्रत्येक तळ्यात पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरची चाकं फटफटफट फिरताहेत, वरून दोऱ्या ताणलेल्या कारण बगळे नि पाणकावळे एका तळ्यातला रोगट झिंगा उचलून दुसऱ्यात टाकतात. मामेभावानं चेक ट्रे वर काढून दाखवला, म्हणजे दोरीला बांधलेली चौकोनी जाळी, तिच्यात मोजून फीड ठेवायचं, पाण्यात सोडायचं, दोन तासांनी काढून बघायचं की संपलं का. जाळीत दहा-पंधरा झिंगे टणाटण उड्या मारत होते, काचेसारखे आरपार, आणि पाठीतून एक काळसर रेघ गेलेली. रेघ सलग भरलेली असली की खाल्लंय, तुटक दिसली की शेठला फोन करायचा. पाण्यावर पांढरे दोरे तरंगायला लागले तर मात्र सगळ्यांची झोप उडते, ती झिंग्यांची विष्ठा, आणि पोटाचा रोग लागल्याची पहिली खूण.

हा झिंगा आपल्या समुद्रातला नाहीच. व्हॅनामी म्हणतात त्याला, तिकडं मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याचा, आपल्याकडे २००९ पासून रीतसर आणला. त्याआधी टायगर झिंगा होता, त्याला १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या डागांचा व्हायरस लागला आणि पूर्व किनाऱ्यावर तळीच्या तळी साफ झाली. व्हॅनामीचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, रोगमुक्त मिळतं, तो दाटीत राहतो, पटापट वाढतो, म्हणून सगळे त्याच्यावर आले. दाटी म्हणजे किती, तर नियमानं एका चौरस मीटरला जास्तीत जास्त ६० पिल्लं सोडता येतात. सोडायच्या आधी तळं ब्लीचिंग टाकून मारून घेतात, काही जण चहाच्या बियांची पेंड टाकतात, तिच्यातल्या सॅपोनिननं मासे मरतात पण झिंग्याला काही होत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला बी सोडलं की पाऊस लागेपर्यंत माल तयार.

आता माझ्या धंद्यातला हिशोब. एक किलो झिंगा तयार करायला साधारण दीड किलो फीड जातं असं धरू, चांगला मॅनेजर थोडं कमीत बसवतो. फीडमधे प्रोटीन ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक टन झिंग्यामागे दीड टन फीड, त्यात सव्वापाचशे किलो प्रोटीन, आणि प्रोटीनला सव्वासहानं भागलं की नायट्रोजन निघतो, ८४ किलो. त्यातला झिंग्याच्या अंगाला लागतो तो तीसेक किलो. उरलेला पन्नास-पंचावन्न किलो तळ्यात. युरियाच्या भाषेत सांगायचं तर ४५ किलोच्या गोणीत वीस-एकवीस किलो नायट्रोजन असतो, म्हणजे एक टन झिंग्यामागे अडीच गोण्या युरिया पाण्यात सोडल्यागत झालं. हेक्टरी चार टन माल निघाला तर दहा गोण्या. सगळाच्या सगळा बाहेर जात नाही हे खरं, काही हवेत उडतो, काही तळाच्या गाळात बसतो, पण शेवटी तळं रिकामं करायचंच असतं ना भो.

मी गेलो तेव्हा एका तळ्याचं हार्वेस्टिंग होतं, ओहोटी बघून रात्री. बर्फाचा ट्रक बांधाच्या टोकाला उभा, व्यापाऱ्याची माणसं, दिवे, आरडाओरडा. मोरीच्या फळ्या उचलल्या आणि पाणी जाळीतून खाडीकडं सुटलं. सुरुवातीचं पाणी हिरवट-तपकिरी, बघायला काही वाईट नाही, वासही फारसा नाही. पण तळं पायाच्या घोट्यापर्यंत आलं की रंग बदलला, काळं-काळं, डांबराच्या पाण्यासारखं, आणि कुजलेल्या अंड्याचा वास असा आला की मी गमचा नाकाला लावला. मामेभाऊ हसला, म्हणे, "दादा, आठे पंधरा दिन ऱ्हायना का नाकच मरी जास." तो वास हायड्रोजन सल्फाईडचा. तळाशी न खाल्लेलं फीड, विष्ठा, टाकलेल्या काती सगळं साचतं, तिथं ऑक्सिजन पोचत नाही आणि मग बिनऑक्सिजनचे जिवाणू कामाला लागतात. पाण्याबरोबर जाणाऱ्या गाळाचा मोठा भाग या शेवटच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाच्या पाण्यातच बाहेर पडतो. म्हणजे सगळं पाणी साफ करायची गरजच नाही, शेवटचं तेवढं अडवलं तरी निम्म्याहून जास्त काम होतं. मी विचारलं हे पाणी पुढं कुठं जातं, थांबवत नाही का कुठं. तर म्हणे, "ते शेठले इचार."

सकाळी खाडीच्या कडेला गेलो. खाडी म्हणजे पंधरा-वीस फुटांचा चर, दोन्ही बाजूला गुळगुळीत चिखल, मधेमधे तिवराची झुडपं, तिकडं त्यांना चेर म्हणतात. वरच्या बाजूला, जिथं तळ्यांचं पाणी येत नाही तिथं, चिखलावर नुस्ती भोकं-भोकं, एवढी की पाय कुठं ठेवू असं व्हावं. एका चिमट्याचे लाल खेकडे, आणि लेवटा. लेवटा म्हणजे डोळे डोक्यावर बसवलेला तो मासा जो चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, कोकणात निवटी म्हणतात तोच. दक्षिण गुजरातेत तो आवडीनं खातात, आणि ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तो पकडणारी माणसं अजून आहेत. तिथून तळ्याच्या मोरीकडं चालत गेलं की भोकं कमी कमी होत जातात. मोरीच्या तोंडाशी चिखलावर एक पातळ पांढरट-करडी साय, बोटानं खरवडली की खाली काळं कुळकुळीत, आणि भोक एकही नाही. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण शेतात पाणी साचून मूळ कुजलेलं रोप आम्ही रोज बघतो, माती अशीच निळी-काळी पडते.

ती भोकं दिसायला किरकोळ, पण सगळी खाडी त्यांच्यावर चालते. खेकडे नि किडे चिखल वरखाली करतात तेव्हा आत हवा जाते, हवा गेली की नायट्रोजन पचवणारे जिवाणू जगतात, म्हणजे खाडीचं स्वतःचं साफसफाईचं खातं तेच. त्याच्यावर वरून गाळाचा थर बसला की पहिले तेच मरतात आणि मग पुढच्या वर्षीची घाण पचवायला कोणी उरत नाही. पाण्याचं वेगळं. नायट्रोजन-फॉस्फरस मिळाला की शेवाळ फुलतं, दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच ऑक्सिजन पितं, आणि मेल्यावर कुजताना आणखी पितं, म्हणून मासे मरतात ते पहाटे. वरून अमोनिया. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम तितका अमोनिया विषारी, आणि हे सगळं पाणी सोडलं जातं मे-जूनमधे, विचार करा. आणि खाडी म्हणजे समुद्राच्या कितीतरी माशांची, खेकड्यांची, जंगली कोळंबीची बालवाडी, पिल्लं समुद्रातून भरतीबरोबर आत येतात, चार महिने इथं वाढतात, मग बाहेर जातात. इथं पिल्लू मेलं तर बाहेर ट्रॉलरवाल्याच्या जाळ्यात तो मासा येतच नाही, आणि का येत नाही ते त्याला कळतही नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल झिंगेवाल्यांवरच घसरला. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठी, वर भावनगरकडं तर दहा मीटरच्या घरात जाते, आणि पाणी इतकं गढूळ की मुख्य प्रवाहात ऊनच खाली पोचत नाही, तिथं शेवाळ सहजासहजी फुलत नाही. मोठ्या नदीत ही घाण धुऊन जाते. मार बसतो तो या छोट्या खाड्यांना, ज्यांच्या टोकाला पाणी अर्धवटच बदलतं. अमावस्या-पौर्णिमेला मोठी भरती येते तेव्हा निघून जातं, पण अष्टमीच्या आसपास भरती कमजोर, तेव्हा सोडलेलं पाणी दोन दिवस तिथंच मागंपुढं डुलत बसतं. वरून बांधांनी खाड्यांची तोंडं आवळली, जिथं पुराचं पाणी पसरायचं ती जागा तळ्यांनी खाल्ली. सुरतेत २००६ च्या ऑगस्टमधे उकाईतून पाणी सोडल्यावर जो पूर आला तो आपल्या प्रत्येक घरातल्या कोणीतरी भोगलाय, म्हणून बेकायदा झिंगा तळाव तोडायची मोहीम निघाली की तिकडच्या पेपरात मोठी बातमी असते. तोडतात, पुन्हा बांधतात.

आणि नदीनं धुवायचं ते कधी? नदी आहेच कुठं. उकाई १९७२ ला झालं, त्याच्या आधी काकरापारचा बंधारा, आणि खुद्द सुरतेत सिंगणपोरला १९९५ मधे आडवा बंधारा-कॉजवे. पूर्वी भरतीचं पाणी जिथवर वर चढायचं ते आता त्या भिंतीला टेकून परत फिरतं, आणि पावसाळा सोडला तर भिंतीच्या खाली जे येतं त्यात शहराचं सांडपाणी जास्त नि तापी कमी. कापड रंगवायच्या डाइंग मिल, हजिऱ्याचे कारखाने, ते वेगळे. म्हणजे मुखाशी जी घाण दिसते ती सगळी झिंग्याची असं कोणी म्हणत असेल तर ते काही मला पटत नाही. झिंग्याचं पाणी सुरतेच्या मिलच्या पाण्यापुढं सात्त्विकच म्हणायचं. पण मिलचं पाणी नदीत पडतं आणि झिंग्याचं पडतं थेट त्या बालवाडीत, फरक एवढा आहे.

सगळ्यात डोकं चक्रावणारी गोष्ट म्हणजे हे झिंगेवाले स्वतःचंच पाणी पितात. ज्या खाडीतून पंप लावून पाणी घ्यायचं त्याच खाडीत सोडायचं, आणि शंभर-दोनशे फुटांवर शेजाऱ्याचा पंप. कोणाच्या तळ्यात व्हायरस लागला तर नियम काय, तर मोरी बंद ठेवायची, ब्लीचिंग टाकून पाणी मारायचं, थांबायचं, मग सोडायचं. प्रत्यक्षात माणूस घाबरतो, मरायच्या आत निघेल तेवढा माल काढतो आणि रात्रीतून फळ्या उचलतो. आठ दिवसात शेजारचं तळं. मामेभाऊ म्हणे आमच्या लाईनीत एकाला लागलं की बाकीचे देव पाण्यात ठेवून बसतात, बोलत कोणी नाही, कारण बोललं की व्यापारी भाव पाडतो.

कायदा नाही असं नाही हं. तामिळनाडूचे गांधीवादी एस. जगन्नाथन सुप्रीम कोर्टात गेले होते, त्यावर ११ डिसेंबर १९९६ ला निकाल आला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांचा, आणि किनारपट्टीच्या नियमातल्या पट्ट्यात पारंपरिक पद्धत सोडून बाकीची कोळंबी शेती बंद करा, तळी तोडा असा आदेश होता. लोकांची तक्रार तेव्हा खारट झालेल्या विहिरींची आणि भातशेतीची होती. मग २००५ मधे कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटीचा कायदा झाला, चेन्नईला तिचं ऑफिस, रजिस्ट्रेशन करा, पाणी साफ करून सोडा, क्लोरॅम्फेनिकॉल-नायट्रोफ्युरानसारखी अँटिबायोटिक वापरू नका. अँटिबायोटिकचा नियम बऱ्यापैकी पाळला जातो, कारण तिकडं युरोप-अमेरिकेत कंटेनर तपासतात आणि परत पाठवतात. खाडीचा चिखल कोण तपासून परत पाठवणार? विकत घेणारा मालाकडं बघतो, पाण्याकडं बघणारा कोणी नाही, आणि लेवटा पकडणाऱ्याला विचारतो कोण.

हे लिहिताना मलाच जरा हसू येतंय कारण मी स्वतः युरिया विकून पोट भरतो. केळीला शिफारस आहे झाडाला २०० ग्रॅम नायट्रोजन, दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी साडेचार हजाराच्या आसपास झाडं, म्हणजे नऊशे किलोच्या जवळ, त्रेचाळीस गोण्या. रावेर-यावलपासून आमच्या शहाद्यापर्यंत तापीकाठ बघा आणि गुणाकार करा. झिंगेवाल्याच्या दहा गोण्या कुठं आणि आमच्या त्रेचाळीस कुठं! फरक असा की आमचं निदान बरंचसं पीक घेतं, काही मातीत थांबतं, ड्रिपवर देणाऱ्याचं अजून कमी वाया जातं, आणि जे वाहून जातं ते आधी हतनूर, मग बॅरेज, मग उकाई, एवढ्या ठिकाणी मुरत-मुरत जातं. तिथं जलपर्णी माजते, ती आपण बघतोच. म्हणजे आपली बरीचशी घाण आपल्याच धरणांत अडकते, समुद्रापर्यंत सगळी पोचत नाही. पण त्याच धरणांत गाळही अडकतो, आणि मुखाशी चिखलाचे जे पट्टे आहेत त्यांना दरवर्षी ताजी माती लागते, ती जात नाही. नदीनं द्यायचं ते आपण वर अडवलं आणि खाली तळीवाल्यांनी उरलेल्यात काळं पाणी सोडलं. तळीवाल्यांना शिव्या देताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

निघायच्या दिवशी मामेभावानं सुकलेला गाळ दाखवला, बांधावर ढीग लावलेला, भेगाळलेला. म्हणे दादा, यात एवढा नायट्रोजन आहे तर आपल्या शेतात नेला तर, ट्रक रिकामेच जातात खान्देशात परत. डोकं चांगलं चालवलं होतं त्यानं. पण जिभेवर कण ठेवला तर मीठ. असला गाळ काळ्या जमिनीत टाकला तर सोडियमनं जमीन फरशीसारखी आवळून येईल. दोन-तीन पावसाळे उघड्यावर धुऊ दिला आणि बांधावर तिवर, खारी झाडं लावायला वापरला तर चालेल, पण तो ढीग खाडीच्या अंगाला आहे, पहिल्या पावसात सगळा परत खाडीत.

मी त्याला म्हटलं, हे बघ, बाकी सोड, ज्या तळ्याचं हार्वेस्टिंग आधी होतं ते रिकामंच पडलेलं असतं. पुढच्या तळ्याचं शेवटचं काळं पाणी खाडीत न सोडता पंपानं त्या रिकाम्या तळ्यात घे, दोन-तीन दिवस बसू दे, गाळ खाली बसला की वरचं पाणी मोठ्या भरतीनंतरच्या ओहोटीला सोड. डिझेलचा खर्च तेवढा वाढेल, बाकी काही नाही. त्याला पटलं. शेठला विचारलं पण त्यानं, माझ्यासमोर, फोन स्पीकरवर टाकून. शेठ माणूस वाईट नाही, ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाला की रिकामं तळं लगेच वाळवायला लागतं, नाहीतर पुढच्या पिकाला रोग राहतो, आणि शेजारचे सगळे सरळ खाडीत सोडतात, माझ्या एकट्याच्या तळ्यानं काय होणार, त्यांना आधी सांगा. मामेभाऊ म्हणे ते तर मी नाही सांगू शकत, मी तिथला नोकर, त्यात परमुलखातला. दिवाळीत गावाला येईल तेव्हा बघू, शेठला एकदा कोस्टल अथॉरिटीचा नियमांचा कागद गुजरातीतून दाखवायचा असं ठरलंय, कागद मिळवायचं काम माझ्याकडे.